ओट्याशी एक स्टूल

मे महिना लागला की आपल्या सगळ्यांच्याच घरात एक प्रश्न दिवसातून कितीदा तरी ऐकू येतो. "आई, मी काय करू?" परीक्षा संपलेली असते, मामाच्या गावाला जायला अजून वेळ असतो आणि ऊन असं की दुपारी नांदगावच्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आपल्याला मात्र सुट्टी नसते. कुणाला सकाळची गाडी पकडून मनमाडला नाहीतर नाशिकला अप-डाऊन करायचं असतं, कुणाचं दुकान, कुणाचं शेत, कुणाकडे आखाजीला माहेरी आलेल्या नणंदा आणि त्यांची पोरं. अशात मूल पाठीमागे फिरायला लागलं की आपण त्याच्या हातात मोबाइल देतो. सगळेच देतो. दमलेलो असलो की दुसरं काही सुचतच नाही.

पण तेच मूल आणखीही एक प्रश्न विचारत असतं, आणि तो आपल्या कानावर पडूनही आत पोचत नाही. "मी पण करू?"

कणीक मळताना ते विचारतं. रसासाठी आंबे पिळताना विचारतं. कुरडया घालायला गच्चीवर गेलो की तिथेही येतं. आणि आपलं उत्तर तोंडावरच असतं. सरक बाजूला. सांडशील. कपडे खराब करशील. मला उशीर होतोय, तू आपलं खेळ जा.

यात आपला दुष्टपणा मुळीच नसतो. पंधरा मिनिटांचं काम मुलाला घेऊन करायचं तर पाऊण तास जातो आणि तो पाऊण तास आपल्याकडे नसतो. पण असं पाच-सहा वर्षं ऐकलेलं मूल हळूहळू विचारायचं थांबतं. मग ते बारा-तेरा वर्षांचं झालं की आपणच शेजारणीला सांगतो, "बघा ना, पाण्याचा ग्लासही हाताने घेत नाही." ते बिचारं आपण सांगितलं तसं बाजूला सरकलेलं असतं.

लहान मुलाला घरातलं खरं काम हवं असतं, खोटं नाही. प्लास्टिकची खेळण्यातली भांडी आणून दिली तरी ते ओट्याशीच येतं, कारण घरातले मोठे तिथे काहीतरी महत्त्वाचं करतायत हे त्याला कळतं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं, तेव्हा त्यातल्या मुलांना ओतणं, पुसणं, झाडणं अशी रोजच्या जगण्यातली कामं मुद्दाम दिली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली, ती आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू हाताशी घेऊनच. एवढ्या मोठ्या बायांनी मुलाच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याला शिक्षण मानलं, हे मला फार धीर देणारं वाटतं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात सगळं साहित्य आधीच आहे.

म्हणून या सुट्टीत मुलांना घेऊन निदान एक पदार्थ करून बघा, असं मनापासून सुचवावंसं वाटतं. आंब्याचा कॉबलर. नाव परकं आहे, पण पदार्थ अगदी साधा. डब्यात खाली फळांच्या फोडी, वर पिठाचे ओबडधोबड गोळे, आणि तो डबा भाजायला ठेवायचा. फळाचा रस खाली खदखदतो, वरचं पीठ फुगून खरपूस होतं.

हा पदार्थ अडचणीतूनच आलेला. अमेरिकेत गेलेल्या वसाहतवाल्यांकडे नीट भट्ट्या नव्हत्या, हवं ते सामान नव्हतं. मग त्यांनी जाड बिडाच्या भांड्यात फळं घालून वर पीठ सोडलं आणि भांड्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवून ते भाजलं. आपल्या कोकणात काकडीचं धोंडस असंच व्हायचं, वर-खाली विस्तव ठेवून. आपल्या भागात गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजतात, त्यामुळे आजी-आजोबांना यातलं काही नवीन वाटणार नाही. उलट उन्हाळ्यात शेतावर ते कसं भाजायचे, हे सांगायला ते आपण होऊन पुढे येतील.

हाच पदार्थ का, तर तो बिघडवणं अवघड आहे. करंजी करायला घेतली की मुलाची करंजी आणि आपली करंजी शेजारी शेजारी दिसतात, आणि आपण काही न बोलताही मुलाला स्वतःची वाकडी दिसते. कॉबलरचे गोळे वाकडेच असायला हवेत. चार वर्षांच्या मुलाने टाकलेला गोळा आणि आपण टाकलेला गोळा भाजून झाल्यावर ओळखू येत नाही. ज्याला सारखं "असं नाही, असं" ऐकावं लागतं, त्या मुलाला हे किती मोठं असतं ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

आता कृती. आमच्या पिढीच्या घरांत कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं रुजवली, आपणही तशीच घेऊ. मुलांनाही वाटी समजते, ग्रॅम समजत नाहीत.

आंब्याच्या फोडी तीन वाट्या. केसर घेतलात तर किंचित घट्ट असतानाच घ्या, फार पिकलेल्याचा लगदा होतो. त्यात दोन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, थोडी वेलची. आंबा गोडच असेल तर साखर आणखी कमी करा, मुलाला चाखून ठरवू द्या. फोडी स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या भांड्यात पसरा. आंब्याला आंबटपणा असतो, तेव्हा ॲल्युमिनियमचा डबा नको.

वरच्या पिठासाठी एक वाटी कणीक, दोन चमचे साखर, एक छोटा चमचा भरून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि तीन मोठे चमचे थिजलेलं तूप. मे महिन्यात आपल्याकडे तूप पातळच असतं, म्हणून ते अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवा. मग ते कणकेत चोळायचं, शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसं. पीठ रवाळ झालं, मुठीत दाबल्यावर मुटका वळला, की अर्धी वाटीभर थंड दूध घालून चमच्याने जेमतेम कालवायचं. मळायचं नाही. मळलं की चिवट होतं. सैलसर पीठ झालं की चमच्याने गोळे फोडींवर सोडायचे.

चोळायचं काम मुलाला द्या. पीठ आणि तूप बोटांमध्ये फिरत असताना त्याचा चेहरा बघा. चार-पाच वर्षांचं मूल साखर भुरभुरवेल, लिंबाच्या बिया वेचेल. आठ-नऊ वर्षांचं आंब्याच्या सोललेल्या फोडी बोथट सुरीने कापेल. मोठ्या मुलांना आंबा निवडण्यापासून सगळं द्या, अगदी बाजारातल्या घासाघिशीसकट. भाव विचारताना त्यांचा आवाज आधी घशातच अडकतो, पण दुसऱ्या गाडीपर्यंत सुटतो. आणि ओट्याशी एक भक्कम स्टूल ठेवा, न डुगडुगणारं. मुलाची मान वर आणि हात कपाळापाशी असले तर सांडणारच, त्यात त्याची चूक काय?

गॅस आणि गरम भांडं मात्र मोठ्यांचं. तिथे "मी पण" नाही, आणि ते शांतपणे, कामाला सुरुवात करतानाच सांगून ठेवलेलं बरं. ऐन वेळी ओरडून सांगितलं की मुलाला भीती ओट्याचीच बसते.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. नसेल तर जुनी जाड बुडाची कढई किंवा जुना कुकर. कुकर घेतला तर शिट्टी आणि रबर, दोन्ही आठवणीने काढायचे, आत पाणी घालायचं नाही. तळाला वाळूचा नाहीतर जाड मिठाचा थर, त्यावर एखादी चकती किंवा स्टँड. झाकण ठेवून दहा मिनिटं तापू द्या, मग डबा आत आणि आंच मंद. पाऊण तास तरी लागतो. कुकरात वरून ओव्हनसारखा लाल रंग येत नाही, चवीत फरक पडत नाही. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर फोटोतल्यासारखं झालं नाही म्हणून त्यांचं तोंड उतरतं.

तुमच्या मनात आता काय येतंय ते मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच येतं. पहिलं म्हणजे उकाडा. चाळीसच्या वर पारा असताना स्वयंपाकघरात आणखी आंच कोण लावणार? दुपारी नकोच. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर, वाऱ्याची झुळूक सुटली की. दुपारचा वेळ आंबे निवडण्यात, धुण्यात, फ्रिजमध्ये तूप ठेवण्यात जाऊ द्या. मुलाला दुपार जड जाते ती पुढे काही घडणार नसतं म्हणून. संध्याकाळी काहीतरी आहे म्हटल्यावर तीच दुपार सरते.

दुसरी काळजी पाण्याची, आणि ती आपल्या तालुक्याबाहेरच्या माणसाला पटकन समजणार नाही. गिरणा धरण आपल्याच तालुक्यातलं, तरी उन्हाळ्यात घरातल्या बाईचं डोकं नळाच्या वेळेभोवतीच फिरत असतं. चार भांडी जास्त पडली तर जिवावर येतं. म्हणून पोळ्यांची कणीक मळून झाली की त्याच परातीत हे पीठ कालवा. ज्या डब्यात भाजलं त्यातूनच वाढा. परातीला चिकटलेलं पीठ मुलाला कोरड्या हाताने खरवडून काढू द्या, धुवायला पाणी निम्मं लागतं. पाणी जपून वापरायचं हे आपण मुलांना तोंडाने पुष्कळ सांगतो. त्या परातीपाशी त्यांना ते हाताने समजतं.

आणि मुलगा असेल तर? अजूनही एखादी मावशी, एखादे काका म्हणतातच, "पोराला काय चुलीशी बसवलंस?" आपण कधी हसून सोडतो, कधी मनातून थोडे खजील होतो. मुलगा ते हसणंही बघत असतो. तेव्हा बाबांनो, तुम्हीही या ओट्याशी. तुम्हाला स्वयंपाक येत नसला तर फारच छान. बाबाही शिकतायत, चुकतायत, विचारतायत, हे बघताना मुलाला जो हुरूप येतो तो आपल्या शंभर शाबासक्यांनी येत नाही.

यातली सगळ्यात अवघड गोष्ट कृतीत लिहिलेली नसते. मूल सगळे गोळे डब्याच्या एकाच बाजूला टाकतं आणि आपला हात आपोआप पुढे जातो. आपण काही रागवत नाही, फक्त चमच्याने थोडं सारखं करतो. मुलाच्या घडी घातलेल्या रुमालाची आपण गुपचूप परत घडी घालतो, त्याने भरलेली पाण्याची बाटली परत पुसतो, तसंच हे. आपल्याला वाटतं त्याच्या लक्षात आलं नाही. येतं. त्याला वाटतं, आपलं काम खरं काम नव्हतंच.

तो हात मागे घ्या. जिथे पीठ नाही तिथून आंब्याचा रस वर उसळेल आणि कडेला चिकट, तपकिरी होईल. घरात सगळ्यांना नेमकी तीच कड हवी असते.

मध्येच मूल कंटाळून निघून गेलं तर जाऊ द्या. "तूच करायचं म्हणालास ना!" हे ओठांपर्यंत येतं, पण गिळावं. उरलेलं आपण पूर्ण करू. वास सुटला की ते परत येतं.

डबा आत गेला की उरतं ते थांबणं. आपल्या पिढीला आणि आपल्या मुलांनाही हेच जमेनासं झालंय. तरी आपल्या घरांना थांबायची सवय जुनी आहे. आखाजीला घागर भरून, पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय कित्येक घरांत अजूनही कुणी आंबा तोंडाला लावत नाही. बाजारात आंबा येऊन पंधरा दिवस झालेले असतात, मूल रोज विचारतं, आजी रोज सांगते, "आखाजीनंतर." त्या मुलाला आखाजीच्या रसाची चव जन्मभर आठवते. ही चाळीस मिनिटंही तशीच. झाकण उघडून बघायचं नाही, वाफ गेली की भाजणं लांबतं. नाकाने ओळखायचं. आधी आंब्याचा वास येतो, मग तुपाचा, मग भाजलेल्या कणकेचा. तिसरा वास आला की जवळ आलं.

या वेळात आपण उठून कपड्यांच्या घड्या घालायला जातो. मोबाइल बघतो. नुसतं बसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, त्यात आपला दोष नाही, दिवसभर तशीच धावपळ असते. पण बसाच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, जमिनीवर, जिथे गार वाटेल तिथे.

सुरुवातीला गप्पांना काही सुचत नसेल तर आंब्याचीच गोष्ट सांगा. ज्या अमेरिकेतला हा पदार्थ, त्या अमेरिकेत आपल्या देशातला आंबा कित्येक वर्षं जाऊच शकत नव्हता. आंब्याबरोबर फळमाशी आणि कोयीतला भुंगा त्यांच्या देशात येईल, ही तिथल्या लोकांची भीती होती. मग २००७ मध्ये आंबे विकिरण करून पाठवायचं ठरलं, आणि ते काम झालं कुठे, तर मनमाडच्या पलीकडच्या आपल्या लासलगावला. कांद्यासाठी उभारलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात. लासलगाव म्हटलं की मुलांना कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगा तेवढ्या माहीत असतात. तिथून आंबा अमेरिकेला गेला म्हटल्यावर डोळे मोठे होतात आणि पुढचे प्रश्न सुरू होतात. कोयीत भुंगा शिरतो कसा? आपल्या आंब्यात आहे का? मग सगळ्या कोयी फोडून बघायच्या असतात. बघू द्या.

नाहीतर आपल्या स्टेशनची गोष्ट सांगा. औरंगाबादकडे रेल्वे जायच्या आधी वेरूळची लेणी बघायला निघालेले प्रवासी आपल्या नांदगावला उतरत आणि इथून टांग्याने पुढे जात. रोज ज्या स्टेशनावर बाबा गाडीची वाट बघतात तेच हे.

पण खऱ्या गप्पा या नव्हेत. त्या आपण गप्प झालो की सुरू होतात.

मुलाला समोर बसवून "शाळेत काय झालं?" विचारलं की "काही नाही" एवढंच मिळतं. आपल्याला वाटतं ते लपवतंय. बहुतेक वेळा त्याला आपल्या नजरेचंच ओझं होतं. नजर डब्याकडे, हात कणकेने माखलेले, आणि घाई कुणालाच नाही, अशा वेळी मूल सहज काहीतरी बोलून जातं. माझी मोठी अशीच बोटांवरचं पीठ सोडवता सोडवता म्हणाली, "जूनमध्ये माझी तुकडी बदलली आणि माझी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली तर डब्याला मी कुणासोबत बसू?" वरवर पाहिलं तर केवढीशी गोष्ट. तिच्या पोटात ती एप्रिलपासून होती.

अशा वेळी आपली धाव उपायाकडे असते. बाईंशी बोलते मी. नवीन मैत्रिणी होतील गं. त्यात काय घाबरायचं? आपल्याला मुलाची काळजी बघवत नाही, म्हणून आपण ती घाईने पुसून टाकायला बघतो. पण पुसली की ती पुढे बोलत नाही. "हं, अवघड वाटतंय ना," एवढं म्हणून थांबलं तर दुसरं वाक्य येतं, मग तिसरं. कधी येत नाही, तेही चालेल. तुम्ही तिथे होतात आणि उठून गेला नाहीत, हे तिच्या लक्षात राहतं.

सगळीच मुलं बोलतील असं नाही. माझा धाकटा त्या वेळात फक्त गाणी म्हणतो आणि दर दोन मिनिटांनी विचारतो, "झालं?" त्याला ते पुरतं. मलाही.

झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं निवू द्या, आतला आंबा जीभ भाजण्याइतका गरम असतो. वाढायचं काम ज्याने केलं त्याचं. कुणाला किती, हे त्याला ठरवू द्या. आजोबांना साखर असेल तर त्यांना अगदी चमचाभर, आणि का चमचाभर ते मुलाने विचारलं तर नीट सांगा. सोबत थंड साय द्या, आइस्क्रीम आणायची गरज नाही.

एक कळकळीची विनंती. आधी फोटो काढून स्टेटसला टाकायची घाई नको. मूल ताटली घेऊन उभं असतं आणि आपण म्हणतो, "थांब थांब, इकडे बघ." त्याला त्या क्षणी आपला घास हवा असतो, आपला कॅमेरा नाही. पहिला घास खा, त्याच्याकडे बघत खा. आणि मध्ये कच्चं राहिलं असेल, बुडाला लागलं असेल तर "वा, एकदम हॉटेलसारखं!" म्हणू नका. मुलाला जीभ असते. "कड मस्त झालीय, मध्ये अजून पाच मिनिटं हवी होती का रे?" असं विचारलं की तो उत्तर देतो, कारण तुम्ही त्याला करणारा माणूस म्हणून विचारलेलं असतं.

केसर संपत आला की गावरान आंबे येतात. त्यांच्या फोडी नीट पडत नाहीत, तरी आंबटगोड रसाने कॉबलर उलट जास्त चांगला लागतो. तेव्हा रस काढून त्यात कॉर्नफ्लोअर थोडं वाढवा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पाऊस पडला की आंब्याची चव उतरते. म्हणजे अजून काही संध्याकाळ हातात आहेत. उरलेला कॉबलर रात्री झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी थंड दुधाबरोबर छान लागतो. मात्र तो खाण्याआधी मुलाला विचारा, कारण डबा त्याचा आहे.